पडलाच नाय, तर पडला कसं सांगू?

आधी शेवट सांगून टाकते, म्हणजे तुम्ही श्वास रोखून वाचणार नाही. ईशान मस्त आहे! आत्ता माझ्या पायाशी बसून स्टीलच्या वाटीवर चमचा आपटतोय. वाटीचा कंटाळा आला की तो माझ्या मोबाईलवर झडप घालणार, म्हणून मी जमेल तेवढ्या स्पीडने टाइप करतेय. चुका झाल्या तर समजून घ्या.

लिहितेय कशाला? कारण तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून "बाळाच्या कवटीला चीर" असं शोधत होते आणि जे समोर येत होतं ते वाचून मोबाईल परत परत पालथा ठेवत होते. आत्तासुद्धा कुठेतरी कोणीतरी बाई हेच शोधत असेल. हे तिच्यासाठी. बये, आधी पाणी पी. मग वाच.

आमच्याकडे डोकं बघतात

मी सायली. चौक नावाचं गाव आहे, तिथून आत आमचं गाव. नवरा नितेश रसायनीला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. घरात सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. आणि ईशान, तेव्हा चार महिन्यांचा.

आमच्याकडे बाळ जन्मलं की नाव काय ठेवायचं हे नंतर. आधी डोकं कसं आहे ते बघतात. लांबट आहे का, चपटं आहे का, एका बाजूला दबलंय का. आणि मग बुधीमावशीला बोलावणं जातं.

बुधीमावशी वरच्या ठाकूरवाडीतली. आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं तिच्या पायांवर आंघोळून मोठी झालीत. ती पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर पालथं घालते, अंग रगडते, टाळू तेलाने भरते आणि शेवटी दोन्ही तळव्यांत डोकं धरून वळवते. कुंभार मडकं फिरवतो ना, तसं हळूहळू. नितेशचं डोकंही तिनेच वळवलेलं. आई कौतुकाने सांगतात, "कसा गोल केलान बघ बुधीनं." मी म्हणते, बाहेरून गोल केलं ते बरं, आतलं काम राहिलंच. नितेशला हा जोक अजिबात आवडत नाही.

हे सगळं सांगितलं कारण पुढे सगळं डोक्यावरच आलं.

मटाराएवढं काहीतरी

मे महिना. ईशानला सर्दी झाली, मग ताप. डोक्यावर आधीच खपल्या आणि घामोळं. दूध प्यायला की उलटी. नेहमी हातपाय झाडणारं पोरगं माझ्या खांद्यावर ओल्या टॉवेलसारखं पडून राहिलेलं.

आई त्याचं डोकं ओल्या फडक्याने पुसत होत्या आणि एकदम थांबल्या.

"गं सायली, ह्ये काय?"

मागे, मानेच्या वर, डाव्या बाजूला बोटाला काहीतरी लागत होतं. मटाराच्या दाण्याएवढं.

"टेंगूळ हाय. पडला का गं?"

"नाय आई."

"आगं सांग. मी काय वरडणार नाय."

"आई, पडला नाय."

आता अडचण अशी, की आदल्या दिवशी आई मोहोपाड्याला बहिणीच्या पोरीच्या हळदीला गेलेल्या. नितेश ड्युटीवर. म्हणजे घरात मी आणि ईशान, आणि सकाळी मालिश करून गेलेली बुधीमावशी. बस.

आईंनी माझ्याकडे बघितलं, मग पाळण्याकडे, मग पाळण्याखालच्या फरशीकडे.

ती रेघ

कर्जतच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी ताप बघितला, टेंगूळ चाचपलं, उलटीचं विचारलं. "डोक्याला मार लागलाय?" मी नाही म्हटलं. "तरी फोटो काढून घेऊ."

तो एक्स-रे मी विसरणार नाही. तो जडशीळ एप्रन माझ्या गळ्यात घातला आणि मीच ईशानचं डोकं कुशीवर धरून ठेवायचं होतं. तो एवढा रडला, एवढा रडला, आणि टेक्निशियन दादा सांगत होते, "हलू देऊ नका ताई, हलू देऊ नका." मी त्याला धरत होते आणि त्याला वाटत असणार की आईच त्रास देतेय.

मग डॉक्टरांनी फिल्म लाईटच्या डब्यावर लावली. माझ्या बाळाची कवटी. मला वाटायचं कवटी म्हणजे भुताखेताची, पण ही एवढीशी होती, गोड होती खरं तर. आणि मागच्या हाडात एक काळी रेघ.

"इथे फ्रॅक्चर वाटतंय."

पुढचं थोडा वेळ मला ऐकूच आलं नाही.

"कसा पडला?"

"सर, पडला नाही."

"बेडवरून? झोळीतून? कोणाच्या हातातून?"

"नाही सर."

डॉक्टर वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर गावात त्यांना फार शिव्या पडल्या. त्यांच्यासमोर ताप, उलट्या, सुस्त पडलेलं बाळ, डोक्याला गाठ आणि फिल्मवर रेघ होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "घाबरून लपवू नका. आम्हाला खरं कळलं तर उपचार नीट होतात. आणि फ्रॅक्चर आहे पण कारण कोणालाच माहीत नाही असं असेल, तर आम्हाला पोलिसांना कळवावं लागतं. ते बाळाच्याच भल्यासाठी असतं." मग पनवेलला पाठवलं. तिथे लहान मुलांचे तज्ज्ञ आहेत म्हणाले.

पोलीस! मी आयुष्यात सिग्नल तोडला नाही. चौकला सिग्नलच नाही, तो भाग वेगळा.

इको गाडीत

नितेश शिफ्टमधून थेट आला, कंपनीच्या कपड्यांत, अंगाला तोच तो केमिकलचा वास. शेजाऱ्यांची इको केली. जुन्या हायवेने निघालो. ईशान मांडीवर, कपाळ तापलेलं. ढाबे, गॅरेज मागे जात होते आणि सगळी माणसं आरामात चहा पीत बसलेली. मला त्या चहा पिणाऱ्यांचा भयंकर राग आला.

नितेश हळूच म्हणाला, "सायू, सांगून टाक ना."

"काय?"

"पडला म्हणून. बेडवरून पडला, असं. सगळ्यांचीच पोरं पडतात गं. कोण काय करणार नाय तुला. विषय संपेल."

"पण पडला नाय."

"आगं पण फोटोत आलंय ना!"

"मग फोटोला विचार!"

मागून आई बोलल्या, "ह्ये बुधीचंच काम हाय. डोकं वळवताना दाबलान आसंल. परवा किती वरडत व्हता तवा."

"आई, तो भूक लागली म्हणून ओरडत होता. मी समोर बसलेले."

"तू मोबाईल बघत व्हतीस."

"मी त्याचाच व्हिडिओ काढत होते! दाखवू?" आणि खरंच तिथे गाडीत दाखवला. त्यात बुधीमावशी ईशानच्या ढुंगणावर चापट मारून म्हणते, "ऊठ रं बाजीराव," आणि ईशान खिदळतो. आईंनी बघितला आणि खिडकीबाहेर तोंड केलं. ड्रायव्हर बिचारा गाणं लावू का नको अशा अवस्थेत.

नितेशने परत सुरू केलं. "मी काय म्हणतो..."

"नितेश, ऐक. जे झालंच नाय ते मी सांगणार नाय. तू हा विषय सोड, पोलीस येऊ दे, कोण येऊ दे. मी तिथे होते. तो पडला नाय."

एवढं ठणकावून बोलले. मग ईशानचं कपाळ ओल्या रुमालाने पुसायला लागले.

वॉर्ड

वॉर्ड म्हणजे दिवस आणि रात्र यांचा काला. सिस्टर यायची, ताप बघायची, टॉर्च मारून डोळे बघायची. ईशानच्या एवढ्याशा हाताला पुठ्ठा बांधून सलाईन. झोपला रे झोपला की परत कोणीतरी त्याला उठवायला हजर.

आणि सगळे तेच विचारायचे. नवीन डॉक्टर आला की पहिला प्रश्न, "कसं पडलं?" सफाईवाल्या मावशी: "कशी गं पडली पोर?" मी: "पोर नाय पोरगा हाय, आणि पडला नाय." शेजारच्या बेडवरची खोपोलीची बाई, तिच्या मुलीला न्यूमोनिया, तिने मात्र काहीच विचारलं नाही. तिने फक्त माझे केस बघितले आणि स्वतःच्या डोक्यातला क्लचर काढून मला दिला. "बांध गं आधी. डोळ्यात जातायत." मला तिथे रडू आलं. फ्रॅक्चर ऐकून आलं नव्हतं, क्लचरने आलं.

एक गोष्ट खरी लिहिते. मी स्वतःवर शंका घेतली. आदला दिवस डोक्यात उलटा-सुलटा चालवून बघितला. दूध पाजलं, पाळण्यात ठेवला, कपडे वाळत घातले, परत आले, तेव्हा तो जसाच्या तसा. मग मेंदू म्हणायचा, कपडे घालताना काही झालं असेल तर? पण चार महिन्यांचं पोर पाळण्यातून पडून परत पाळण्यात कसं चढेल! एवढं साधं गणित, पण दहा जण तोंडावर "पडला" म्हणायला लागले की आपण आपलीच साक्ष खोटी धरायला लागतो. तुमचंही तसं होईल. तर तेव्हा थांबा आणि फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं आठवा. कमी नाही, जास्त नाही.

करवंदं

भेटायच्या वेळेत बुधीमावशी आली. वाडीवरून चालत खाली, मग मिनीडोर रिक्षा, मग एसटी. पळसाच्या पानात करवंदं बांधून आणलेली. वॉर्डात चपला बाहेर काढून आली आणि माझ्या बेडजवळ खाली फरशीवरच बसली. आईंनी तोंड फिरवलं.

मावशीने ईशानच्या पायाला हात लावला. डोक्याला नाही. तिचा हात डोक्याकडे गेला आणि मागे आला, ते मी बघितलं.

"सायले, ऐक. तू सांग त्यांना, बुधीच्या हातून सुटला. तेलाचा हात व्हता, सुटला."

"काय बोलतेस मावशे?"

"मना कोन काय करील? म्हातारी बाय मी. तुज्यावर नको याया."

नितेशने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, त्याला हा रस्ता पटला होता. आईंनाही. सगळ्यांना! कोणाचंच काही जाणार नव्हतं, फक्त बुधीमावशीची सगळी घरं जाणार होती. यानंतर एकाही बाईने तिच्या पायांवर बाळ घातलं नसतं. आणि तीच स्वतः ते मला द्यायला आली होती, करवंदांसारखं पानात बांधून.

मी उभीच राहिले. "मावशे, सुटला का तुझ्या हातून?"

तिने करवंदांचं पान माझ्याकडे सरकवलं.

"सांग ना. सुटला?"

"नाय गं पोरी. माज्या हातून कदी कोन सुटला नाय."

"मग झालं! माझ्याकडून पडला नाय, तुझ्याकडून सुटला नाय. आई, ऐकलंत? नितेश, ऐकलंस? आता परत कोणी विषय काढला ना, तर मी या बेडवर चढून ओरडीन."

सिस्टर आली आणि म्हणाली, हळू बोला. मी म्हटलं सॉरी. पण आवाज कमी नाही केला फारसा.

दोन्ही बाजूंना

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडम आल्या, लहान मुलांच्या डॉक्टर. सोबत एक्स-रे वाचणारे डॉक्टर. मॅडमनी फिल्म नंतर बघितली. आधी ईशानचं सगळं डोकं बोटांनी चाचपलं, हळूहळू, आंबा पिकला का बघतात तसं. मागची गाठ हलवून बघितली. मग फिल्म खिडकीला धरली.

"पडला?"

"नाही मॅडम."

"नक्की?"

"मॅडम, तुम्ही अजून शंभर वेळा विचारा. नाही पडला."

त्या हसल्या. "नाही विचारत. तुमची गोष्ट आणि ही फिल्म जुळत नाहीये. म्हणजे दोघांपैकी एक चुकतंय. फिल्मला परत विचारू."

परत एप्रन, परत रडारड. पण या वेळी ईशानला उताणं ठेवलं, हनुवटी खाली घेऊन, म्हणजे मागचं हाड दोन्ही बाजूंनी दिसेल. फिल्म आली आणि त्यांनी मलाच पुढे बोलावलं. नितेशला नाही, आईंना नाही. मला.

"इकडे ती रेघ. दिसली? आता तिकडे बघा."

दुसऱ्या बाजूला तशीच रेघ. सेम टू सेम!

मला आधी कळलंच नाही. वाटलं, बापरे, दोन फ्रॅक्चर! मॅडम म्हणाल्या, अहो नाही. बाळाची कवटी एकसंध नसतेच. तुकडे असतात आणि मध्ये सांधे, म्हणजे बाळ बाहेर येताना डोकं दबू शकेल आणि नंतर मेंदूला वाढायला जागा राहील. टाळू मऊ लागते ती अशा सांध्यांच्या चौकातच. मोठे सांधे सगळ्यांना असतात. काही बाळांना असे छोटे जास्तीचे सांधेही काही महिने दिसतात, मग आपोआप बुजतात.

"मग फ्रॅक्चर कसं ओळखायचं?" मी विचारलं. विचारणारच ना, एवढं झाल्यावर!

एक्स-रेवाले डॉक्टर म्हणाले, त्याला एकच एक खूण नसते, सगळं मिळून बघावं लागतं. फ्रॅक्चर बहुतेक वेळा एकाच बाजूला, काच तडकल्यासारखं, सरळ, धारदार. सांध्याच्या कडा जराशा नागमोडी असतात, तो ठरलेल्या जागी असतो, दुसऱ्या सांध्याला जाऊन मिळतो आणि बहुतेकदा दोन्हीकडे सारखा. शिवाय ताजी मोडतोड असेल तर वरची कातडी बऱ्याचदा सुजून मऊ लागते. इथे तशी सूज नव्हती.

"आणि ती गाठ?"

"सर्दीताप आहे, डोक्यावर खपल्या आहेत, त्याची गाठ आलीय. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसंच. ताप उतरला की ती पण बसेल. उलटी आणि सुस्ती तापाचीच होती."

मग मॅडम जे बोलल्या ते मी तिथेच मोबाईलवर टाइप करून ठेवलं: "तुम्ही 'पडला' म्हणाला असतात, तर आम्हीसुद्धा बहुधा फ्रॅक्चर धरूनच पुढे गेलो असतो. तुम्ही अडून बसलात म्हणून दुसरी फिल्म काढली."

नितेश बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. आईंनी देवाला हात जोडले. आणि मी? मला आनंदाच्या आधी राग आला. एवढा राग, की मी आख्खी करवंदं एकटीने खाल्ली, कोणाला एक दिलं नाही.

ओट्यावर

ताप उतरला, घरी आलो. गल्लीत बायका जमल्याच. "कसा गं पाडलास एवढ्याशा पोराला?"

मी पिशवीतून फिल्म काढली आणि उन्हात वर धरली. "या. सगळ्या या. ही रेघ इकडे, ही तिकडे. दोन्हीकडे सारखी. हा सांधा आहे. तुमच्या पोरांनाही असतील. परत कोणी पाडलास म्हटलं तर तुमच्या पण पोरांचे फोटो काढायला लावीन!" आठवडाभर मी ती फिल्म दारात आल्यागेल्याला दाखवली. पोस्टमनलासुद्धा. त्याला काही गरज नव्हती.

पण बुधीमावशी येईना. मग नितेशला स्कूटीवर मागे बसवून मीच वाडीवर गेले.

"नको गं," ती म्हणाली. "लोक बोलतील."

"म्हणूनच आत नाय, आमच्या बाहेरच्या ओट्यावर बसायचं. सगळ्यांसमोर."

बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे येऊन. पाय पसरले. ईशान नडग्यांवर पालथा. समोरच्या घरांतून चार डोकी बाहेर.

"मावशे, तेल लाव पण डोकं दाबायचं नाय. टाळूवर पण जोर नाय. मॅडमनी सांगितलंय, आपोआप गोल होतं."

"आपोआप? मंग मी येवडी वर्सं काय केला?" तिने ईशानला विचारलं, "रं बाजीराव, चपटा ऱ्हाशील रं तू. बायको नाय भेटायची."

"राहू दे चपटा!"

तेवढ्यात आई गरम पाण्याची बादली घेऊन आल्या, ठेवली आणि मावशीच्या शेजारीच बसल्या. माफी वगैरे कोणी मागितली नाही. आईंनी एवढंच विचारलं, "बुधे, करवंदं हायेत का गं अजून झाडाला?"

आणि मग तो खरंच पडला

हो! परवाच. आता रांगतो, उंबऱ्याला धरून उभा राहायला गेला आणि धाडकन. कपाळाला हे एवढं टेंगूळ. ओरडून घर डोक्यावर घेतलं. थोड्या वेळाने एकदा उलटी झाली, म्हणून आम्ही लगेच निघालो. हे वाचणाऱ्या आयांनो, माझी गोष्ट वाचून घरी बसू नका. मार लागला आणि उलटी, सुस्ती, असं काही दिसलं की जायचंच. आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं.

कर्जतचेच डॉक्टर. तेच. त्यांनी मला ओळखलं, जरा अवघडले. मग पेन हातात घेऊन, नेहमीच्या सवयीने, आईंना विचारलं, "काय झालं आजी? पडला का?"

आई माझ्याकडे वळल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मला नका इचारू. मी आत व्हते. तिला इचारा, ती समोर व्हती. ती सांगंल तसंच झालेलं आसंल."

मी म्हटलं, "हो सर. पडला."